घडीतली कात

भिवंडी
८ सप्टेंबर २०२४

प्यारी नबीला,

अस्सलामु अलैकुम. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू "हं", "बरं", "ठीक" याच्या पुढे जात नाहीस, आणि मला जे पाठवायचंय ते फोनमधून जात नाही. म्हणून कागद घेतला. शाळेत मराठीच्या बाई माझ्या अक्षराची तारीफ करायच्या, तिचा आज पहिल्यांदा उपयोग.

सोबत कापडाचा तुकडा आहे. त्यात भोकं आहेत. ही कोणी पाडली ते सांग. तू तिकडे दापोलीला किड्यांवर एवढी मोठी डिग्री घेतलीस, घरातले तुला झुरळवाली म्हणतात ते जाऊ दे, आता झुरळवालीचंच काम पडलंय.

झालं असं. महमूदभाईंच्या कारखान्यात आजवर माझ्या टेबलावरून पास झालेला तागा परत आला नव्हता. तुझे खालू होते तेव्हा म्हणायचे, भाईच्या लूमपेक्षा माझ्या बायकोचे डोळे जास्त चालतात. तुला आठवत असेल, काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत जातं. एक धागा तुटलेला असला तरी मी थांबवते. पास झालं की शेंड्याला माझा शिक्का. मग फोल्डिंगवाला मीटर-मीटरच्या घड्या घालतो आणि संध्याकाळच्या टेम्पोने माल, तो घेणाऱ्या शेठच्या गोडाउनला जातो.

आता शेठकडून एक टेम्पो भरून माल परत आलाय. माझा शिक्का असलेला, आणि भोकं पडलेला. शेठचा माणूस विशाल सगळ्यांसमोर म्हणाला, "भाई, तुमच्या चेकिंगला चष्मा द्या." महमूदभाई हसले. मी नाही हसले.

मी ते कापड माझ्या हातांनी सरकवलंय. त्यात भोक नव्हतं. पण हे माझ्याशिवाय कोणी म्हणत नाही.

लवकर लिही. जेवतेस ना नीट?

तुझी
जुबैदा खाला


दापोली
१५ सप्टेंबर २०२४

खाला,

वालेकुम अस्सलाम. तुकडा मिळाला. भिंगाखाली पाहिला. जे दिसलं ते लिहिते.

भोकं बारा आहेत, आकार वेडेवाकडे. कडांचे धागे पिंजलेले. आजूबाजूला विष्ठा, खवले किंवा डाग यांपैकी काही नाही.

कपड्याचा पतंग नाही, हे नक्की. त्याच्या अळीला लोकर, रेशीम, पीस, केस असं प्राण्यांचं काहीतरी लागतं. सुती कापडावर ती उपाशी मरेल. तेव्हा विशालने गोडाउनमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील, तर त्या बंद करायला सांगा. वाळवीही नाही. ती मातीचा माग ठेवल्याशिवाय चालत नाही.

उरते कसर. जुन्या पुस्तकांत दिसते ती, चंदेरी, माशासारखी वळवळणारी. तिला पंख कधीच नसतात. शेपटीला तीन लांब केस असतात. ती कापडापेक्षा कापडावरच्या कांजीसाठी, म्हणजे खळीसाठी येते. पिंजलेल्या कडा तिच्याशी जुळतात. पण ती सावकाश खाते. एवढी भोकं पडायला तिला बराच काळ लागला असणार, म्हणजे कापड लूमजवळ पडून होतं तेव्हापासून.

एक प्रश्न विचारते, राग मानू नका. तुम्ही डोळे शेवटचे कधी तपासून घेतलेत?

मी वेळेवर जेवते.

नबीला


भिवंडी
३० सप्टेंबर २०२४

नबीला,

तुझं पत्र कारखान्यात आलं तेव्हा मी नमाजासाठी वजू करत होते. अफनानने फोडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. महमूदभाईंचा मुलगा आहे, त्याला कोण अडवणार? "लूमजवळ पडून होतं तेव्हापासून" हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. डोळ्यांचं वाक्य तीनदा.

महमूदभाई काही वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर मी भांडले असते. म्हणाले, "जुबैदा, पोरगी शिकलेली आहे, घरचीच आहे, ती खोटं कशाला लिहील? थोडे दिवस आराम कर." आता टेबलावर अफनान बसतो. मी बाजूला बसून सुताच्या कांड्यांची पोती शिवते. अफनान एका हाताने कापड सरकवतो, दुसऱ्या हातात मोबाइल. काल माझ्या डोळ्यांदेखत दोन तुटलेले धागे पुढे गेले. मी ओरडले तर म्हणतो, "खाला, तुम्हाला दिसतं की भास होतो?"

तू विचारलंस म्हणून सांगते. कोटरगेटच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. जवळचा नंबर थोडा वाढलाय. नवीन चष्मा केला. मोतीबिंदू नाही. ही चिठ्ठी मी कोणाला दाखवली नाही. मागितल्याशिवाय दाखवणार पण नाही.

चूक माझीच. एवढा तुकडा हाताने धुतला, नीळ दिली, इस्त्री केली, शिकलेल्या पोरीकडे भिवंडीचं मळकं कापड कशाला जाऊ द्यायचं म्हणून. त्याचं हे फळ.

अल्लाह हाफिज.

जुबैदा


दापोली
४ ऑक्टोबर २०२४

खाला,

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे. अफनानने वाचलं तरी चालेल. उलट वाचावंच.

माझा निष्कर्ष चुकीचा होता. तो मी मागे घेते. कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

तुम्ही तुकडा धुतला. धुण्यात कांजी गेली. कांजीबरोबर विष्ठा, खवले, लाळेचे डाग, जे काही होतं ते गेलं. कापलेल्या कडा घासल्यामुळे पिंजल्या. त्या पिंजलेल्या कडा पाहून मी कसर म्हटलं. म्हणजे मी किड्याचं काम पाहिलंच नाही, तुमच्या साबणाचं पाहिलं. नमुना कसा हाताळला, हे विचारणं माझं काम होतं. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना ते शिकवतात. माझं काम तांदळातल्या सोंड्यांवर असतं, आणि तांदूळ कोणी इस्त्री करून पाठवत नाही. पण ही सबब नाही.

आता नीट करू.

परत आलेल्या मालातला एक तागा हवा, जो अजून कोणी उलगडलेला नाही. तो पांढऱ्या चादरीवर ठेवा. एकेक घडी सावकाश उचला. झटकू नका. फुंकर मारू नका. धुऊ नका. चादरीवर जे पडेल, कितीही क्षुल्लक वाटलं तरी, ते मऊ कुंचल्याने काडेपेटीत भरा. आणि भोकं कुठे आहेत ते पाहा. मधे आहेत की कडेला, एका घडीत आहेत की बऱ्याच. कापड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी नुसता किडा ओळखेन.

डोळ्यांबद्दल विचारलं ते तपासणीचा भाग म्हणून. तुम्हाला ते तसं वाटणार नाही, हे मला कळायला हवं होतं.

नबीला


भिवंडी
१२ ऑक्टोबर २०२४

नबीला बेटा,

घाईत लिहिते, अफनान पोस्टाकडे चाललाय. हो, अफनानच! तुझं पत्र त्याने वाचलं आणि "पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात" हे परत वाचलं. नंतर स्वतःहून चादर घेऊन आला.

एक तागा सापडला, दोरीसुद्धा सुटली नव्हती. कारखान्याच्या गच्चीवर घेऊन बसलो. दोरी सोडली. वरची घडी उचलली. भोक होतं, घडीच्या वळणावर, अगदी कडेला. दुसरी उचलली. वळणावरच. तिसरी, चौथी, तेच. मधल्या कापडात एकसुद्धा नाही, पाण्यासारखं साफ. मी घड्या परत जशा होत्या तशा घातल्या, आणि नबीला, भोकं एकावर एक बसली. वरून बघितलं तर एकच बीळ, आत जाणारं. कोणीतरी घडीच्या बाजूने तोंड घातलंय आणि पराठ्यासारखे पदर खात गेलंय.

मला हसू आलं. अफनान म्हणाला, "खाला, काय झालं?" मी म्हटलं, "पोरा, विचार कर. माझ्या टेबलावर कापड कसं असतं?" म्हणाला, "पसरलेलं." "आणि घडी कधी पडते?" म्हणाला, "तुमचा शिक्का पडल्यावर!"

आता दुसरी गोष्ट. सातव्या घडीत एक भूत होतं. हसू नकोस. पारदर्शक, पिवळट, सहा पाय, मिशा, सगळं जागच्या जागी, पण आत कोणी नाही. पाठीवर चीर. मागचे दोन पाय लांब, वाकलेले, काटेरी. काडेपेटीत कापूस घालून ठेवलंय. दुसऱ्या काडेपेटीत काळे दाणे आहेत, खसखशीपेक्षा मोठे.

काही धुतलेलं नाही. कसम.

महमूदभाई म्हणतात, घडीत खाल्लं हे मान्य, पण कारखान्यातच खाल्लं नाही कशावरून? शेठ तर तेच म्हणतोय, की किडा आमच्याकडून मालात बसून गेला. मी म्हटलं, माल त्याच संध्याकाळी जातो, किडा काय टेम्पोची वाट बघत बसला होता? तरी शिकलेल्या माणसाचा शब्द हवाय त्यांना.

तुझी खाला


दापोली
१८ ऑक्टोबर २०२४

खाला,

दोन्ही काडेपेट्या सुरक्षित पोचल्या. नमुना इतका चांगला भरलेला आहे की मी तो विद्यापीठात आमच्या विभागात दाखवला.

ते भूत म्हणजे कात आहे. किड्याचा सांगाडा अंगाच्या आत नसतो, बाहेर असतो. वाढायचं तर तो टाकावा लागतो. मग पाठीवर चीर पडते आणि किडा तिच्यातून बाहेर येतो, आधीपेक्षा मोठा. ही कात रातकिड्याची आहे, पूर्ण वाढ न झालेल्या. मागचे पाय उडी मारण्याचे. पंखांच्या जागी चार छोट्या पिशव्या. शेपटीला दोन केस. तीन असते तर मी पुन्हा कसर म्हटलं असतं. दोनच आहेत. पुढच्या पायाच्या नळीवर, गुडघ्याच्या खाली, एक लंबगोल खूण आहे. तो त्याचा कान. पूर्ण वाढला की रातकिडा पायाने ऐकतो.

बहुतेक रातकिडे कात टाकल्यावर ती खाऊन टाकतात. ही घडीत चिमटली, म्हणून उरली. तुम्ही झटकलं असतं तर तिचा चुरा झाला असता.

आता महमूदभाईंच्या प्रश्नाचं उत्तर. रातकिड्याला अंगाला सगळ्या बाजूंनी काहीतरी टेकलेलं आवडतं. फट, बीळ, घडी. उजेडात पसरलेल्या कापडावर तो थांबत नाही. त्याचे जबडे दातेरी असतात, आणि कांजीच्या चवीसाठी तो कापड आरपार कुरतडतो. दाण्यांसारखी विष्ठा वेगवेगळ्या आकारांची आहे, म्हणजे लहान-मोठे बरेच किडे तिथे राहत होते, आणि एकाने तिथेच कात टाकली. हे एका संध्याकाळचं काम नाही. माल जिथे मुक्कामाला होता तिथलं आहे.

पण कागदावरचा माझा शब्द पुरेसा समजू नका. एकदा तो चुकला आहे. दोन गोष्टी करा.

पहिली, एक रातकिडा पकडून काचेच्या बरणीत ठेवा, झाकणाला भोकं पाडून. आत दोन सारखे तुकडे टाका, एक कांजी असलेला आणि एक धुतलेला. पाण्यासाठी ओला कापूस. काय होतं ते पाहा.

दुसरी, गोडाउनला जा. दुसऱ्या कारखान्यांचाही माल तिथे असेल. तो उघडून पाहा. एकाच कारखान्याच्या मालाला भोकं असतील, तर शेठ बरोबर आहे. सगळ्यांच्या असतील, तर तुम्ही.

महमूदभाईंना बरोबर न्या. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना पटत नसेल, तर त्यांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या.

नबीला


भिवंडी
५ नोव्हेंबर २०२४

प्यारी प्यारी नबीला,

बस. आधी पाणी पी. मग वाच.

बरणीपासून सांगते. अफनानने कारखान्यामागच्या नळाजवळून दोन रातकिडे पकडले. एकाच्या शेपटीला लांब सुई होती. मी घाबरले, म्हटलं डंख मारेल. अफनानने मोबाइलवर शोधलं, ती मादी म्हणे, सुईने मातीत अंडी घालते. गातो तो नर. म्हणजे जिच्याकडे सुई ती गप्प कामात, आणि ज्याच्याकडे काही नाही तो रात्रभर बडबड. आपल्याच खानदानातले निघाले.

आणि काय बडबड! बरणी महमूदभाईंच्या दिवाणखान्यात ठेवली होती. अफनान उशी कानावर घेऊन झोपला. शेजारच्यांनी भिंत ठोकली. फक्त महमूदभाई, बरणीला लागून त्यांचा पलंग, शांत घोरत होते. सकाळी मी विचारलं, "त्रास नाही झाला?" म्हणाले, "कसला?" मला वाटलं, माझा मान राखतायत. हे लक्षात ठेव.

कांजीचा तुकडा तीन दिवसांत जाळी झाला. धुतलेला जसाच्या तसा, सुनेच्या पहिल्या दिवसाच्या ओढणीसारखा. महमूदभाईंनी बरणी हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली, आणि म्हणाले, "चला गोडाउनला."

दिवाळी संपल्यावर काल गेलो. वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, शेलार गावाच्या पुढे आहे. तिन्ही बाजूंना गवत आणि भाताची शेतं. शटरवर हा मोठा पांढरा दिवा. शटरखाली हाताएवढी फट. मी फटीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, आणि मनात नोंद केली. तुझ्यासारखी.

विशाल पुढे आला. "या मावशी! चष्मा नवीन दिसतोय!"

मी म्हटलं, "हो, तुम्हीच सुचवलात."

"बघा हां, इथे मुंगीसुद्धा सापडणार नाही. जागोजागी गोळ्या टाकतो."

डांबराच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "बाळा, या गोळ्या लोकरीच्या किड्यासाठी. इथे लोकर कोण विणतं?"

त्याला कळलं नाही, पण महमूदभाई माझ्याकडे बघायला लागले.

आत अंधार, आणि एवढं शांत, नबीला! लूम नाहीत ना. आम्हाला सवयच नाही अशा शांततेची. आणि त्या शांततेत मागच्या कोपऱ्यातून, भरदिवसा, सुरू झालं. किर्र, किर्र, किर्र. मी बोट वर केलं. "ऐका."

विशालचा चेहरा उतरला. अफनान हसला. महमूदभाई इकडे तिकडे बघत म्हणाले, "काय ऐकू? कुठे?"

"हे काय, एवढं मोठ्याने!"

"मला काही येत नाही ऐकायला."

आम्ही सगळे थांबलो. किडा थांबला नाही. आणि मला बरणी आठवली. महमूदभाई माझा मान राखत नव्हते गं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. चाळीस वर्षं लूममध्ये उभा राहिलेला माणूस. मी तुला खरं सांगते, तिथे पोचेपर्यंत मी मनात काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं पाठ करून गेले होते. त्यातलं एवढंच बोलले, "महमूदभाई, माझे डोळे तपासून झालेत. आता तुमचे कान तपासू या."

पहिल्यांदा ते लाजले. मग एवढे हसले की खांबाला धरून उभे राहिले. म्हणाले, "जुबैदा, तू हो पुढे. आज मी तुझ्या कानांनी चालतो."

मी आवाजाच्या मागे गेले. कोपऱ्यात, जमिनीला टेकलेला, दुसऱ्याच कारखान्याचा माल. शिक्काही दुसरा. विशाल म्हणाला, "तो नका उघडू, तो दुसऱ्या पार्टीचा आहे." महमूदभाई म्हणाले, "म्हणूनच उघडायचा." अफनानने दोरी सोडली. मी पहिली घडी उचलली आणि दिसलं. वळणावर. दुसरी, वळणावर. त्याच्या बाजूचा, तिसऱ्याच कारखान्याचा. तिथेही. वरच्या फळीवरचा माल मात्र साफ. मग पाचवी घडी उचलली आणि आतून एक जाडजूड गवई उडाला, तो थेट विशालच्या शर्टावर. अगं, तो पोरगा असा नाचला!

अफनान म्हणाला, "विशालभाई, मारू नका. पुराव्यात आहे तो."

महमूदभाईंनी तिथूनच शेठला फोन लावला, स्पीकरवर. "शेठ, आमचा माल साफ गेला होता. तुमच्या गोडाउनमध्ये रातकिडे आहेत. सगळ्यांचाच माल खातायत. या, बघा." शेठ आला. त्याने स्वतःच्या हाताने चार गठ्ठे उघडले. पाचवा उघडायच्या आधी म्हणाला, "महमूदभाई, मी शब्द मागे घेतो." महमूदभाई म्हणाले, "मला नाही. बाईंना सांगा." आणि शेठने मला सांगितलं. विशालसमोर. हमालांसमोर. मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, आणि म्हटलं, "ठीक."

बघ, तुझाच शब्द वापरला.

आज सकाळी टेबलावर मी आहे. अफनान बाजूला उभा राहून शिकतोय. मोबाइल खिशात. पहिल्या ताग्यालाच मी एक तुटलेला धागा थांबवला, त्याला विचारलं, "दिसतं की भास होतो?" म्हणाला, "खाला, माफ करा ना आता."

शटरची फट कशी बुजवायची, दिवा कोणता लावायचा, शेठ विचारतोय. "तुमची ती मॅडम कोण?" म्हणाला. सगळ्या कारखान्यासमोर महमूदभाईंनी सांगितलं, "आमची नबीला." झुरळवाली कोणी म्हटलं नाही.

तुझी
जुबैदा खाला


दापोली
११ नोव्हेंबर २०२४

खाला,

पत्र विभागात वाचून दाखवलं. विशालच्या नाचाचा भाग दोनदा. अशी मी सहसा वागत नाही.

शेठना सांगा: शटरखाली रबराची पट्टी. पांढऱ्या दिव्याऐवजी पिवळा, कारण पांढऱ्याकडे किडे जास्त येतात, आणि तोही शटरपासून लांब, खांबावर. माल जमिनीवर नको, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून. भोवतीचं गवत कापलेलं. गोळ्या बंद. मालाच्या जवळ औषध फवारायचं असेल, तर आधी मला विचारा.

महमूदभाईंच्या कानांचं हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान उंच पट्टीचे आवाज आधी गमावतो. रातकिडा नेमका त्या पट्टीत गातो. म्हणून माणसांचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळतं, पण बरणी कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवता येतं. त्यांना डॉक्टरकडे न्या, आणि अफनानला आत्तापासून लूमजवळ कानात बोळे घालायला लावा. तो नाही म्हणाला तर त्याच्याच शब्दांत सांगा, महमूदभाई पुराव्यात आहेत.

विभागप्रमुखांनी ती कात संग्रहात ठेवून घेतली. प्रत्येक नमुन्याखाली तो कुठे मिळाला आणि कोणी गोळा केला हे लिहायचं असतं. मी लिहिलं: भिवंडी, सुती कापडाची सातवी घडी. संग्राहक: जुबैदा. नाव आता तिथेच राहील. या संग्रहात माझ्या नावाचा नमुना अजून एकही नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, तो शब्द कोणी म्हटला नाही. तो मला कधी लागला नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आले. ते अचूक नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. तेव्हा बरणीतले ते दोन्ही तुकडे मला जसेच्या तसे पाहायचे आहेत. बरणी धुऊ नका.

तुमची
नबीला